अन्नधान्यातील सेलेनियम आणि जमीन

गव्हात लोह किती असते, असे विचारले तर पोषणशास्त्राची कोष्टके पाहून एक आकडा सांगता येतो. जात, हवामान, खत यांनुसार तो थोडाफार बदलतो, पण दुप्पट-तिप्पटीच्या पलीकडे सहसा जात नाही. जस्ताचेही तसेच. सेलेनियमचे तसे नाही. फिनलंडमध्ये १९८४ पूर्वी पिकणाऱ्या गव्हात किलोमागे सुमारे ०.०१ मिलिग्रॅम सेलेनियम असे. पंजाबमधील नवांशहर-होशियारपूर भागातल्या निवडक विषारी शेतांतील गव्हात किलोमागे २९ ते १८५ मिलिग्रॅम सेलेनियम आढळल्याची नोंद २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हीकडे पीक गव्हाचेच, फरक मात्र हजारो पटींचा. त्यामुळे ‘गव्हात सेलेनियम किती?’ या प्रश्नाला ‘कोठल्या जमिनीतल्या?’ हा प्रतिप्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

असे का घडते, आणि धान्य पिकते एका जिल्ह्यात व शिजते दुसऱ्या राज्यात तेव्हा त्याचा काय परिणाम होतो, हे या पाठात पाहू. रसायनशास्त्राचा भाग आवश्यक तेवढाच घेतला आहे.

गरज आणि मर्यादा

सेलेनियम हे आवर्त सारणीतील ३४ वे मूलद्रव्य. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांना १८१७ मध्ये गंधकाम्लाच्या कारखान्यातील गाळात ते सापडले. पृथ्वीवरून नाव मिळालेल्या टेल्युरियमशी त्याचे साम्य दिसल्याने त्यांनी या नव्या मूलद्रव्याला ग्रीक चंद्रदेवता सेलेनेचे नाव दिले. गंधकाच्या कारखान्यात सापडणे हा निव्वळ योगायोग नव्हता. आवर्त सारणीत सेलेनियम गंधकाच्या लगेच खाली आहे आणि रासायनिक वागणुकीत त्याचे जुळे भावंड शोभावे इतके जवळचे आहे. पुढचे जवळजवळ सगळे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

दीर्घकाळ सेलेनियमची ओळख केवळ विष म्हणून होती. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात गुरांचे खूर गळणे, शेपटीचे केस झडणे यामागे धान्य व चाऱ्यातील सेलेनियम आहे, हे १९३० च्या दशकात स्पष्ट झाले. १९५७ मध्ये श्वार्झ आणि फोल्ट्झ यांनी दाखवले की, अत्यल्प सेलेनियम मिळाले नाही तर उंदरांचे यकृत निकामी होते. म्हणजे ते विष होते तसेच पोषकही होते. १९७३ मध्ये ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकरात सेलेनियम असल्याचे सिद्ध झाले. पेशींत तयार होणाऱ्या हानिकारक पेरॉक्साइडांचा निकाल लावणे हे या विकराचे काम. माणसाच्या शरीरात सेलेनियमयुक्त प्रथिनांची २५ जनुके आहेत. अवटू ग्रंथीचे संप्रेरक कार्यक्षम रूपात आणणारी विकरेही त्यांत येतात.

आता मात्रा पाहू. येथून पुढे दोन एकके लागतील: धान्यासाठी किलोमागे मिलिग्रॅम आणि माणसाच्या रोजच्या सेवनासाठी मायक्रोग्रॅम. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला ४० मायक्रोग्रॅम सेलेनियम हवे. अमेरिकेत ही शिफारस ५५ मायक्रोग्रॅम आहे. वरची सुरक्षित मर्यादा अमेरिकेत ४०० मायक्रोग्रॅम धरतात. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती २५५ पर्यंत खाली आणली. म्हणजे गरज आणि धोक्याची रेषा यांत सहा ते दहा पटींचेच अंतर आहे, तर धान्यातील प्रमाण हजारो पटींनी बदलते. या विषयातला खरा पेच हाच.

वनस्पतीला सेलेनियम लागत नाही

लोह, जस्त, तांबे ही मूलद्रव्ये वनस्पतीला स्वतःच्या वाढीसाठी लागतात. त्यामुळे ती किती घ्यायची आणि कधी थांबायचे, याची यंत्रणा तिच्या मुळांत असते. सेलेनियम मात्र उच्चवर्गीय वनस्पतींना आवश्यक असल्याचे सिद्ध झालेले नाही. गहू, भात, ज्वारी, मका यांचे त्यावाचून काही अडत नाही. साहजिकच त्याच्यासाठी वेगळे दारही नाही आणि पहारेकरीही नाही.

सेलेनियम मुळांत शिरते ते गंधकाच्या दारातून. गंधक मुळांना सल्फेटच्या रूपात मिळते. सेलेनेट हा आयन आकाराने व प्रभाराने सल्फेटसारखाच असल्याने सल्फेट वाहून नेणारी प्रथिने त्यालाही आत घेतात. पानांत गंधकापासून सिस्टीन व मिथिओनीन ही ॲमिनो आम्ले बनतात. त्याच मार्गाने सेलेनियमपासून सेलेनोसिस्टीन व सेलेनोमिथिओनीन तयार होतात. दाणा भरताना सेलेनोमिथिओनीन साध्या मिथिओनीनच्या जागी धान्याच्या प्रथिनांत गुंफले जाते. गव्हातील बहुतांश सेलेनियम याच रूपात असते.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. लोह व जस्त प्रामुख्याने कोंडा आणि अंकुर यांत साठते, म्हणून मैदा केला की ते मोठ्या प्रमाणात निघून जाते. सेलेनियम प्रथिनांबरोबर सगळ्या दाण्यात पसरलेले असल्याने दळण-चाळणीने त्यात तितकी घट होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ते दाण्यावरची धूळ नव्हे, दाण्याच्या घडणीचाच भाग आहे. त्यामुळे धुण्याने ते जात नाही.

शरीरात गेल्यावरही हीच अदलाबदल चालू राहते. केस व नखे ज्या केराटिन प्रथिनाची बनतात, त्यात गंधकयुक्त ॲमिनो आम्ले भरपूर असतात. अतिसेवन झाले की पहिली तक्रार केस आणि नखांची येते व जनावरांत खुरांची, ती याचमुळे. जास्तीचे सेलेनियम शरीर वायुरूप संयुग बनवून श्वासावाटेही टाकते. त्या श्वासाला लसणासारखा वास येतो. तपासणीत हा साधा संकेत बराच उपयोगी पडतो.

जमिनीत किती आणि मुळांना किती

जगातील बहुतेक जमिनींत किलोमागे ०.०१ ते २ मिलिग्रॅम सेलेनियम असते. सरासरी ०.४ च्या आसपास धरतात. मूळ खडकावर बरेच अवलंबून असते. बेसाल्टसारख्या अग्निजन्य खडकांत ते फार कमी, किलोमागे साधारण ०.०५ मिलिग्रॅम इतके आढळते. सागरतळाशी सेंद्रिय गाळासह साचलेल्या काळ्या शेलमध्ये मात्र ते पुष्कळ असते. दख्खनच्या पठारावरची काळी माती बेसाल्टची आहे, हे येथे लक्षात ठेवावे.

पण एकूण प्रमाण कळले म्हणजे पिकात किती येईल ते कळले, असे नाही. विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त गफलत येथे होते. जमिनीतील सेलेनियम चार अवस्थांत असू शकते. कोरड्या, हवा खेळत्या, क्षारधर्मी जमिनीत ते सेलेनेट रूपात असते. ते पाण्यात सहज विरघळते, मातीच्या कणांना फारसे चिकटत नाही आणि मुळांना लगेच मिळते. आम्लधर्मी जमिनीत ते सेलेनाइट रूपात असते. लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे त्याला घट्ट धरून ठेवतात. पाणी साचून प्राणवायू संपला की त्याचे मूलद्रव्यरूप सेलेनियम किंवा धातूंबरोबरचे सेलेनाइड बनते. या दोन्ही रूपांचा पिकाला जवळजवळ उपयोग नसतो. सेंद्रिय पदार्थही सेलेनियम बांधून ठेवतात.

म्हणून एकूण सेलेनियम सारखे असलेल्या दोन शेतांपैकी एकातले धान्य सेलेनियमने भरलेले आणि दुसऱ्यातले रिकामे निघू शकते. कोकण-गोव्यातील जांभ्या जमिनीसारख्या लोहयुक्त, आम्लधर्मी, धुवाधार पावसाच्या जमिनीत सेलेनियम अडकून पडण्याकडे कल असतो. चुनखडीयुक्त क्षारधर्मी जमिनीत ते मोकळे राहण्याकडे असतो. आफ्रिकेतील मलावी देशात याचा स्वच्छ पुरावा मिळाला. तेथील बहुतेक आम्लधर्मी जमिनींवरच्या मक्यात किलोमागे सुमारे ०.०२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. शिरे नदीच्या खोऱ्यातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीवरच्या मक्यात ते दहापट वा त्याहून अधिक होते.

भाताची गोष्ट आणखी वेगळी आहे. चिखलणी केलेल्या, पाणी उभ्या राहिलेल्या खाचरात सेलेनेट टिकत नाही. भाताची मुळे जे घेतात ते बरेचसे सेलेनाइट असते, आणि त्याची वाट फॉस्फेट व सिलिका वाहून नेणाऱ्या प्रथिनांतून जाते. भात काढून त्याच शेतात गहू पेरला की जमिनीत पुन्हा हवा शिरते आणि बांधलेले सेलेनियम सेलेनेट होऊन मोकळे होते. भात-गहू हा पीकक्रम पंजाबात सर्वत्र आहे, तेव्हा आता तिकडेच जाऊ.

शिवालिकच्या पायथ्याची शेते

पंजाबच्या ईशान्य बाजूला नवांशहर (आताचा शहीद भगतसिंग नगर जिल्हा) आणि होशियारपूर हे जिल्हे आहेत. शिवालिक टेकड्यांतून पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे या मैदानात उतरतात. स्थानिक लोक त्यांना ‘चो’ म्हणतात. वर्षानुवर्षे या चोंनी टेकड्यांतील गाळ आणून पायथ्याशी पसरला. ज्या खोलगट जागी सेलेनियमयुक्त गाळ थांबला, तेथील शेते विषारी झाली. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे या भागाचा अभ्यास केला आहे. बाधित क्षेत्र सुमारे एक हजार हेक्टर, तेही सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांचे. एका शेतात गहू ठीक आणि बांधापलीकडे त्याची पाने पांढरीफटक, असे तेथे दिसते.

या जमिनींच्या वरच्या थरात सेलेनियमचे प्रमाण किलोमागे साडेचार मिलिग्रॅमपर्यंत मोजले गेले. जगातील काही भागांच्या तुलनेत हा आकडा फार मोठा नाही. पण जमीन क्षारधर्मी आणि चुनखडीयुक्त असल्याने त्यातले बरेचसे सेलेनेट रूपात आहे. धान्यातले आकडे इतके चढतात ते त्यामुळे.

याला सिंचनाची जोड मिळाली. या भागातील काही कूपनलिकांच्या पाण्यात लिटरमागे काही दशक मायक्रोग्रॅम सेलेनियम आढळले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. सिंचनाने जमिनीत किती भर पडते, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. भाताच्या एका हंगामात दीड मीटर उंचीचे पाणी दिले असे धरू. एका हेक्टरवर ते दीड कोटी लिटर होते. पाण्यात लिटरमागे २० मायक्रोग्रॅम सेलेनियम असेल तर एका हंगामात हेक्टरी ३०० ग्रॅम सेलेनियम शेतात येते. ते सगळे जमिनीत राहत नाही, काही झिरपून परत खाली जाते. तरी तुलनेसाठी हे ध्यानात घ्यावे: ब्रिटनमधील प्रयोगांत गव्हाचे सेलेनियम सुमारे दहापट वाढवण्यासाठी हेक्टरी १० ग्रॅम पुरले होते.

या भागात म्हशी-बैलांचे खूर तडकणे, शेपटीचा शेंडा झडणे, केस गळणे असे प्रकार पशुवैद्यांना परिचित आहेत. भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या बुरशीच्या विषानेही जवळपास अशीच लक्षणे दिसतात. त्यामुळे प्रत्येक लंगड्या म्हशीचे खापर सेलेनियमवर फोडणे बरोबर नाही. माणसांच्या आहाराचाही अभ्यास झाला. बाधित गावांत पुरुषांचे रोजचे सेवन सुमारे ६३० आणि स्त्रियांचे ४७५ मायक्रोग्रॅम भरले, तर पंजाबच्या इतर भागांत ते ५० ते ६५ होते. केस गळण्याच्या व नखे बिघडण्याच्या तक्रारी बाधित गावांतल्याच.

बुलढाण्यातील प्रकरण

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरातल्या गावांत अचानक लोकांचे केस गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडावे इतका वेग होता. १८ गावांतील २७९ जणांना बाधा झाल्याची नोंद झाली. सुरुवातीला पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथकही तपासासाठी आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये, विंचूदंशावरील उपचारांसाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेले होते आणि जस्त कमी होते. रास्त भाव दुकानातील गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले, धुतलेल्या गव्हात १३.६१. स्थानिक गव्हाच्या तुलनेत हे सुमारे ६०० पट असल्याचे आणि हा गहू पंजाब-हरियाणाकडून आल्याचे त्यांचे म्हणणे होते.

हे आकडे पारखून घेऊ. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. ते सगळे याच गव्हाच्या रूपात खाल्ले असे धरले, तर महिन्याला ७२.६ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे २,४०० मायक्रोग्रॅम सेलेनियम पोटात जाते. चीनमधील पाहण्यांनुसार संवेदनशील व्यक्तींमध्ये विषबाधेची चिन्हे दिवसाला ९०० मायक्रोग्रॅमच्या आसपास दिसू लागतात. तेव्हा १४.५२ हा आकडा त्या गावांतल्या पोत्यांचा खरा प्रतिनिधी असेल, तर केस गळणे अपेक्षितच म्हणावे लागेल. धुण्याने झालेली घट सहा टक्क्यांची आहे, आणि ती का इतकी किरकोळ, हे वर आलेच आहे.

पण या हिशोबात ‘असेल तर’ला महत्त्व आहे. एका नमुन्यावरून पोत्याचा आणि पोत्यावरून गाडीचा अंदाज बांधताना सावध राहावे लागते, विशेषतः जेथे मूळ शेतेच तुकड्यातुकड्यांची बाधित आहेत. शिवाय ‘पंजाबचा गहू विषारी’ असा अर्थ काढणे सरळसरळ चूक आहे. एक हजार हेक्टर हा पंजाबच्या सुमारे ३५ लाख हेक्टर गव्हाच्या पेऱ्याचा अतिशय लहान अंश आहे.

६०० पट या तुलनेची दुसरी बाजूही बघावी. १४.५२ ला ६०० ने भागले तर स्थानिक गव्हात किलोमागे ०.०२४ मिलिग्रॅम सेलेनियम येते. महिना ५ किलोच्या हिशोबाने त्या गव्हातून दिवसाला जेमतेम ४ मायक्रोग्रॅम मिळतील, गरजेच्या एक दशांश. बेसाल्टवरच्या जमिनीचा विचार करता हा आकडा अशक्य वाटत नाही. म्हणजे त्याच ताटात एका पोत्यातून विषबाधा आणि दुसऱ्या पोत्यातून कमतरता येऊ शकते. चर्चा सगळी पहिल्याचीच झाली.

कमतरतेचा आणि अतिरेकाचा देश: चीन

दोन्ही टोके एकाच देशात पाहायची तर चीनकडे वळावे लागते. ईशान्येकडील हेइलोंगजियांग प्रांतात केशान नावाचा तालुका आहे. तेथे १९३५ मध्ये हृदयाच्या स्नायूंच्या एका जीवघेण्या विकाराची साथ नोंदली गेली आणि रोगाला तालुक्याचेच नाव पडले. बळी प्रामुख्याने लहान मुले आणि प्रजननक्षम वयातील स्त्रिया. पुढे दिसून आले की, हा रोग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या एका पट्ट्यात आहे आणि त्या पट्ट्यातील धान्यात सेलेनियम किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅमहून कमी आहे. १९७० च्या दशकात मुलांना सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या देऊन मोठ्या चाचण्या झाल्या आणि रोग झपाट्याने घटला.

येथे घाई नको. केवळ सेलेनियमच्या अभावाने हा रोग होतो असे नाही. कॉक्सॅकी विषाणूचाही त्यात हात असल्याचे पुढे दिसून आले. सेलेनियम कमी असलेल्या शरीरात हा विषाणू अधिक घातक बनतो. बाधित कुटुंबे स्वतःच्या शेतातले धान्यच जवळजवळ सगळे खात असत, दुसरीकडचे अन्न त्यांच्या ताटात येतच नसे. विदर्भातील गव्हाचा आकडा या मर्यादेजवळ येतो म्हणून तिकडे केशान रोग असेल, असा तर्क करता येत नाही. डाळी, दूध, अंडी, मासे यांतूनही सेलेनियम मिळते.

त्याच चीनमधील हूबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात नेमके उलटे घडले. तेथील दगडी कोळशासारख्या कार्बनी खडकात सेलेनियम फार. तो झिजून मातीत मिसळत होता आणि शेतात चुना टाकण्याच्या प्रथेमुळे जमीन क्षारधर्मी होऊन सेलेनियम मोकळे होत होते. त्यातच दुष्काळाने भात बुडाला आणि लोक स्थानिक मका व भाज्यांवर आले. सर्वाधिक बाधित खेड्यांत जवळपास निम्म्या लोकांचे केस व नखे गळली. रोजचे सरासरी सेवन पुढे सुमारे ५,००० मायक्रोग्रॅम मोजले गेले. चुना टाकणे हा आम्ल जमीन सुधारण्याचा पाठ्यपुस्तकी उपाय, आणि तोच येथे अंगाशी आला.

जमिनीत घालायचे की अडवायचे

कमतरतेवरचा सर्वांत धीट उपाय फिनलंडने केला. १९८४ मध्ये तेथील शासनाने सर्व मिश्रखतांत सोडियम सेलेनेट घालण्याचा निर्णय घेतला. धान्याच्या खतात किलोमागे १६ मिलिग्रॅम आणि चाऱ्याच्या खतात ६ मिलिग्रॅम. काही वर्षांतच लोकांचे रोजचे सेवन ४० मायक्रोग्रॅमच्या आतून ११० च्या वर गेले. १९९० च्या सुमारास सगळ्याच खतांतली मात्रा ६ वर आणली, १९९८ मध्ये १० केली, पुढे १५. दरवर्षी माती, धान्य, दूध आणि रक्त तपासून ही मात्रा ठरवली जाते. उपाय यशस्वी होण्यात खताइतकाच या तपासणीचा वाटा आहे.

हा उपाय भारतात जसाच्या तसा उचलणे माझ्या मते धोक्याचे आहे. फिनलंडची जमीन सगळीकडेच सेलेनियमला गरीब होती. आपल्याकडे एकाच देशव्यापी खताच्या पिशवीतून विदर्भाला मदत आणि होशियारपूरला अपाय होईल. जेथे द्यायचे, तेथे जिल्हानिहाय धान्यतपासणी आधी हवी.

अतिरेकावरचा उपाय वर सांगितलेल्या गंधक-सेलेनियम नात्यातूनच निघतो. पंजाबच्या बाधित शेतांत जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घातले की मुळांजवळ सल्फेटची गर्दी होते आणि सेलेनेटला दार कमी मिळते. पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत गव्हातील सेलेनियम यामुळे लक्षणीय घटले. जिप्सम स्वस्त आहे आणि शेतकऱ्याला परिचितही. पीकबदलही उपयोगी ठरतो. मोहरीसारखी गंधकाची भूक असलेली पिके सेलेनियमही भरपूर ओढतात, तर मक्यासारखी तृणधान्ये तुलनेने कमी. मोहरीचा असा हिरवा पाला गुरांना घातला तर मात्र एका संकटातून दुसऱ्यात जाणे होते. याच नात्याची उलटी बाजू अशी की, सेलेनियम मुळातच कमी असलेल्या जमिनीत सिंगल सुपर फॉस्फेटसारखी गंधकयुक्त खते भरपूर दिली तर धान्यातील सेलेनियम आणखी घसरते.

बाधित कुटुंबाला दिला जाणारा आणखी एक सल्ला असतो: घरचा गहू विकावा, खाण्यासाठी बाहेरचा आणावा. कुटुंबापुरता तो योग्यच आहे. पण विकलेला गहू नाहीसा होत नाही, तो बाजारात आणि सरकारी खरेदीत जातो. चांगला मिसळला तर त्याचा उपद्रव संपतो. किलोमागे १०० मिलिग्रॅम सेलेनियमचे एक पोते ०.१ मिलिग्रॅमच्या ९९ पोत्यांत एकजीव झाले, तर मिश्रणात सुमारे १.१ मिलिग्रॅम राहते. महिना ५ किलो खाणाऱ्याला त्यातून दिवसाला १८० मायक्रोग्रॅम मिळतील, युरोपच्या मर्यादेच्याही आत. तेच पोते न मिसळता, शिवलेल्या तोंडासह एखाद्या गावच्या दुकानात उतरले तर गोष्ट वेगळी. गुदामांत पोती रचली जातात, दाणे ढवळले जात नाहीत. खरेदीच्या वेळी आर्द्रता, तुटके दाणे, किडके दाणे पाहतात. सेलेनियम दिसत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते.

म्हणून तपासणी कोठे करावी, याला महत्त्व येते. दुकानात पोहोचलेल्या गव्हाची तपासणी करणे म्हणजे हजारो दुकाने पालथी घालणे. बाधित शेते मात्र दोन जिल्ह्यांतल्या मोजक्या गावांत आहेत आणि त्यांचे नकाशे मृदाशास्त्रज्ञांनी केलेले आहेत. त्या गावांचा गहू ज्या मंडयांत येतो, तेथेच हंगामात नमुने घेणे सर्वांत सोपे. नमुना घेताना एकाच पोत्यात बंबी खुपसून भागत नाही. ढिगातील अनेक पोत्यांतून थोडाथोडा गहू काढून तो वेगवेगळा तपासावा. सगळे नमुने एकत्र करून सरासरी काढली तर नेमके शोधायचे ते एक पोते सरासरीत हरवते.